मर्विनच्या नसलेल्या सिगारेटी

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गसारख्या रम गाळणाऱ्या गावात राहून मर्विन टिलब्रुकने दारूचा थेंब चाखला नव्हता. सिगारेटचं तर नावच काढायची सोय नव्हती. मेव्हणा नेव्हिल पेटवायला लागला की मर्विन त्याला अंगणात हाकलायचा आणि दारात उभा राहून घशाच्या कॅन्सरवर प्रवचन झोडायचा.

थुंकीतून घशाच्या कॅन्सरचा विषाणू शोधायचा प्रयोग गावच्या दवाखान्यात सुरू झाला, तेव्हा त्याने नेव्हिललाच धरून नेलं. तो बिचकू नये म्हणून स्वतःही नळीत थुंकला.

नेव्हिल सुटला. विषाणू निघाला मर्विनच्या थुंकीत. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा तोच. दुखत-खुपत काहीच नव्हतं, तरी टॉन्सिल काढले, आणि एकात मोहरीएवढा कॅन्सर सापडला.

"वेळेत हाती लागला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण मी ओढत नाही."

"हा सिगारेटचा नव्हेच. शरीरसंबंधातून येणारा विषाणू आहे. बहुतेकांना होतो, बहुतेकांचा जातोही. तुमचा मुक्कामाला राहिला. कदाचित लग्नाआधीपासून."

गाडीत बायको, ग्लेनिस, बोटांवर वर्षं मोजत होती. मग म्हणाली, "लग्नाआधी तू केर्न्सला होतास ना?"

"हो."

"तिथे चर्च नव्हतं?"

"होतं. जरा लांब पडायचं."

ग्लेनिस खिडकीकडे तोंड करून हसली, तेव्हा कुठे मर्विनचा जीव भांड्यात पडला.

चर्चच्या गायकवृंदात खर्जाची बाजू त्याच्याकडे होती. उपचार संपवून तो परतल्यावर सगळ्यांनी घेरलं, तशी त्याने ठोकून दिली, "तरुणपणी सिगारेटी फार ओढल्या रे. चोरून."

सगळे हळहळले. जन्मात झुरका न घेतलेल्या माणसाला धूम्रपान कबूल करणं सोपं वाटलं.

"मग आपल्याला त्या तपासणीची गरज नाही," शेजारी उभा राहणारा लेस्टर खुशीत म्हणाला. "आपण कुठे ओढतो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मर्विनने भजनाचं पुस्तक उघडलं, मिटलं.

"जा तुम्ही सगळे," तो म्हणाला. "मी खोटं बोललो." आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

लेस्टर छताकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात खर्जवाल्यांची गर्दी झाली. जो तो नर्सला सांगत होता, बायको ऐकेना म्हणून आलो.