खत कुठं टाकायचं

"माझी पोरगी द्या मास्तर! खुरपायला मानूस न्हाई, अन् तुमी तिला अलीफ-बे कावून शिकवू लागलात?"

भामाबाई हातात खुरपं घेऊनच मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर चढली. नेकनूरकडच्या त्या गावात या ओसरीलाच शाळा म्हणत. उत्तरेश्वर मास्तरांनी एकदा खुरप्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"भामाबाई, बेस्तरवारी बीडचे साहेब तपासायला येनार. राज्याचा कारभार उर्दूत; पोरांना उर्दू आलं न्हाई तर शाळा बंद. पोरं धाच्या खाली गेली तरी बंद. तुमची दगडी धावी हाय."

"मंग बेस्तरवारपातुर ठिवा. पुढं ती माझी."

दगडी ही शाळेतली एकुलती एक मुलगी; ती खांबाआडून खुदकन हसली. मास्तरांना मात्र हसू येईना. मुलांना मराठी लिहिता-वाचता यावं म्हणून हौसेनं काढलेली शाळा, आणि ती वाचवायची तर उर्दूच शिकवायला हवी. त्यात मास्तरांचं स्वतःचं उर्दू म्हणजे बीडच्या कचेरीत दोन वर्षं कागद नेता-आणताना डोळ्यांखालून गेलेलं तेवढंच. मुळाक्षरांच्या पुढं गेलं की त्यांना घाम फुटायचा.

शनिवार नुसत्या घोकण्यात गेला. रविवारी दगडीनं विचारलं, "मास्तर, दरवाजा म्हंजी उर्दू का?"

"हाय की."

"मंग आमच्या घराला हाय!"

झालं! पोरांना चेवच आला. जो तो घरून शब्द वेचून आणू लागला. जमीन, बाजार, कागद, हवा, साल. एकानं 'आजी' आणली आणि ती उर्दूच आहे म्हणून मारामारी केली. मास्तरही रंगात आले. सोमवारी त्यांनी सांगितलं, "उर्दू उजवीकडून लिवत्यात." मंगळवारी पाहतात तर पोरांनी मराठीसुद्धा उजवीकडूनच लिहिलेली! दगडीच्या पाटीवर तिचं नाव होतं: डीगद. मास्तर पोट धरधरून हसले. इतकी गोड शाळा त्यांनी आजवर भरवली नव्हती.

गुरुवारी साहेब घोड्यावरून आले. पोरांनी अलीफ-बे खणखणीत म्हटलं, शब्दांची तर रास घातली. साहेब खूश झाले. त्यांनी दगडीला जवळ बोलावलं. "बेटी, ख़त कहाँ डालते हैं?"

"रानात!" दगडी ताडकन म्हणाली. "पेरायच्या आदी. शेनखत लई चांगलं!"

साहेबांचं खत म्हणजे टपालात टाकायची चिठ्ठी, हे पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेब खो खो हसले. दगडीला न्यायला आलेली भामाबाई पायरीवरूनच कडाडली, "हसता कावून? बराबर तं हाय लेकराचं!"

साहेबांनी डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. "लड़की का क़सूर नहीं, मास्टर. ये मराठी इनको उलझाती है. इजाज़त देता हूँ. मगर जुमे की छुट्टी के बाद सब उर्दू में. मराठी बंद. उर्दू का मुंशी आने तक तुम ही पढ़ाओ."

त्यांनी तशा कबुलीचा कागद पुढं केला. शाळा वाचली होती, आणि मास्तरांना धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. सही नाही केली तर ओसरीला कुलूप. त्यांनी बोरू उचलला. सवयीनं हात कागदाच्या डाव्या कडेला गेला. साहेबांनी हळूच मनगट धरून तो उजवीकडं नेला. मास्तरांनी सही केली.

"चल गं, झाला बेस्तरवार," भामाबाईनं पोरीचा हात ओढला.

पायरीवर दगडी थांबली. साहेबांचं सगळं बोलणं तिला कळलं नव्हतं. 'मराठी बंद' तेवढं कळलं होतं. तिनं वळून विचारलं, "मास्तर, मंग माझं नाव आता डीगदच का?"

मास्तर 'न्हाई' म्हणायला गेले. पण साहेब अजून घोड्यावर चढायचे होते. मास्तर घोडा धरायला पायऱ्या उतरले.