समोर आहे तेच वाचा

टॅमरॅक फॉल्सच्या शाळेत आठवीत पाऊल टाकणारं पोर आधी मार्लिस एन्क्विस्टबाईंच्या कागदाला घाबरायचं आणि मग बाईंना. कागद एकच, पाठपोट छापलेला. वर ठळक अक्षरात 'भाषेचा तास : अपेक्षा आणि नियम', खाली दहा नियम आणि तळाला दोन रेघा, एक विद्यार्थ्याच्या सहीसाठी, एक पालकाच्या. सव्वीस वर्षं बाई दर सप्टेंबरला हा कागद वाटत आल्या होत्या. पहिल्या शुक्रवारपर्यंत दोन्ही सह्या आल्या की वर्षातले पहिले दहा गुण पदरात. फुकटचे गुण, असं गावात म्हणत.

कागदाचा बाईंना अभिमान होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. सहावा नियम तर त्यांनी जीव ओतून लिहिला होता : 'मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही नाही. पाळी आली की नुसतं "पुढे" म्हणावं. कारण कुणी विचारणार नाही.' एका वर्षी एक अडखळत बोलणारी मुलगी वाचता वाचता रडत वर्गाबाहेर पळाली होती, तेव्हा बाईंना आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं. त्यातून हा नियम आला. तर असा मायेचा कागद. फक्त ती माया तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुरतीच आहे, हे बाईंच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी वर्गात टीगन राडमाकर होती. टीगन लहान असतानाच आई घर सोडून डलुथ शहरात गेली, ती गेलीच. बाप ड्वेन घरामागच्या शेडमध्ये ट्रॅक्टर आणि बर्फ काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. पंचक्रोशीत कुठल्याही इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगे. आणि पोरगी वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरची हूड कार्टीसुद्धा गप्प बसत. "पुढे" हा शब्द टीगनच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. उलट दुसरं कुणी "पुढे" म्हणालं की हिचा हात वर.

शुक्रवारी तिचा कागद आला. बाईंनी पालकाच्या रेघेवरची सही पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला. गुराख्याला जशी गुरं, तशी बाईंना अक्षरं ओळखू येत.

"टीगन, ही सही बाबांची?"

"हो."

"टीगन."

पोरीने मान खाली घातली. "मी केली. पण बाबांनीच सांगितलं करायला. हवं तर विचारा त्यांना."

"का? बाबांना हात नाहीत?"

टीगन बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली.

"नववा नियम काय सांगतो?"

"दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणि आपलं काम दुसऱ्याचं म्हणून देऊ नये."

"पाठ आहे, छान," बाईंनी कागद तिला परत दिला. "मग गुरुवारच्या पालकसभेला बाबांना घेऊन ये. माझ्यासमोर सही करतील, दहा गुण तुझे."

"मला शून्य द्या ना, बाई. चालेल मला."

अर्ध्या गुणासाठी टेबलाशी पंधरा मिनिटं हुज्जत घालणारी ही मुलगी. ती आपणहून शून्य मागते आहे म्हटल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. बाई थांबल्या नाहीत.

"शून्य मागून मिळत नसतं, ते कमवावं लागतं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

मध्ये एक बारीकशी गोष्ट घडली. बुधवारी मुख्याध्यापकांचा हुकूम आला : उशिरा येणाऱ्या गृहपाठाचा नियम यापुढे सगळ्या शाळेत एकच. बाईंचा चौथा नियम अर्थातच त्यात बसेना. तो होता असा : 'उशिरा आलेला गृहपाठ तीन दिवसांपर्यंत घेतला जाईल, दर दिवशी दहा गुण कमी. पण घरी काही अडचण असेल, तर मला येऊन सांगा. मी ऐकेन.' बाईंनी नाक मुरडत तो खोडला आणि नवा टंकला : 'उशिरा आलेला गृहपाठ एकच दिवस घेतला जाईल, अर्ध्या गुणांवर. अडचणी कार्यालयात कळवाव्यात.' पालकसभेसाठी नव्या प्रती काढल्या. मुलांना त्या शुक्रवारी मिळायच्या होत्या.

पालकसभेचा बाईंचा शिरस्ता ठरलेला. आईबापांनी मुलांच्या बाकांवर बसायचं आणि एकेकाने उभं राहून एकेक नियम वाचायचा. मोठी माणसं गुडघे दुमडून त्या बाकांत अडकून बसलेली पाहिली की बाईंना आतून गंमत वाटे. बाहेर व्हरांड्यात आठवीच्या मुली लिंबाच्या वड्या आणि कॉफी घेऊन उभ्या होत्या. टीगनही होती.

ड्वेन आला तो स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. नखांतलं वंगणही घासून काढलेलं. तो चौथ्या बाकावर बसला. बाईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी धरला. पहिला नियम झाला, दुसरा झाला. तिसरा बँकेतल्या जोलीनने वाचला, ठसक्यात.

"चौथा, मिस्टर राडमाकर."

ड्वेन उठला. कागद डोळ्यांसमोर धरला आणि सावकाश, एका लयीत बोलू लागला. "उशिरा आलेला गृहपाठ तीन दिवसांपर्यंत घेतला जाईल, दर दिवशी दहा गुण कमी. पण घरी काही अडचण असेल, तर मला येऊन सांगा. मी ऐकेन."

खोलीत कागद सळसळले. माणसं आपापल्या प्रतीत खाली-वर बघू लागली.

"अगंबाई," जोलीन म्हणाली, "माझ्याकडे तर काही वेगळंच छापलंय."

'जुनी प्रत मिळाली वाटतं तुम्हाला, चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. पण सव्वीस वर्षं चुका दाखवून दाखवून जिभेला वळण पडलेलं असतं. ती डोक्याची वाट बघत नाही.

"आठवणीतून नको, मिस्टर राडमाकर," बाई हसत म्हणाल्या. "समोर आहे तेच वाचा."

ड्वेन कागदाकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चष्मा गाडीत राहिला," तो म्हणाला.

"त्यात काय! घ्या की माझा," जोलीनने स्वतःचा काढून पुढे केला. बिचारीने भल्यापोटीच केला. त्याने तो घातला. गुलाबी काड्यांचा, बायकी चष्मा. आणि पुन्हा कागदाकडे बघत राहिला. तेव्हा बाईंना कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं.

दारात वड्यांचं ताट कुणीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. टीगन सरळ आत आली, बापाच्या पाठीशी उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून तिने वाचलं. "उशिरा आलेला गृहपाठ एकच दिवस घेतला जाईल, अर्ध्या गुणांवर. अडचणी कार्यालयात कळवाव्यात." स्पष्ट, न अडखळता, वर्गात वाचायची तसंच.

ड्वेनने चष्मा काढून जोलीनला परत दिला, "थँक्यू" म्हणाला. मग बाईंच्या टेबलाशी आला, पेन उचललं आणि सही केली. एकेक अक्षर सुटं, मोठं, रेघेच्या वर-खाली. फार वेळ लागला. "सही हवी होती ना," तो म्हणाला. "झाली." आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

कुणी हसलं नाही. टॅमरॅक फॉल्समध्ये माणसं तोंडावर कधी हसत नाहीत. कुणीतरी म्हणालं, यंदा थंडी लवकर पडणार. कुणी वड्यांची कृती विचारली. हसले असते तर परवडलं असतं, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी टीगनला थांबवलं.

"टीगन, मला माहीत नव्हतं गं."

"कुणालाच नव्हतं, बाई." ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "मी तीन रात्री त्यांना वाचून दाखवत होते. दहाच्या दहा नियम त्यांनी पाठ केले. म्हणाले, बाईंनी काही विचारलं तर तुझी मान खाली जायला नको."

"अगं, मग 'पुढे' म्हणायचं ना त्यांनी! सहावा नियम..."

"मी म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, तो मुलांसाठी आहे." पोरीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बाईंनी तो आनंदाने घेतला असता. "ते यायला तयार नव्हते. मीच म्हटलं, बाई तसल्या नाहीत."

ऑक्टोबरमध्ये बाई गाडी घेऊन ड्वेनच्या शेडवर गेल्या. गाडीला काही झालं नव्हतं. माफीचं वाक्य त्यांनी वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

"मिस्टर राडमाकर, त्या दिवशी मी..."

"बॉनेट उघडा," ड्वेन म्हणाला. वाकून त्याने कान दिला. "पट्टा सैल आहे. हिवाळ्यात रस्त्यात सोडेल तुम्हाला."

"मी दुसरंच बोलायला आलेय. तुमची मी..."

"पहिला बर्फ दहा तारखेच्या आत पडतोय बघा यंदा," तो पान्याशी बोलल्यासारखं बोलला. पट्टा घट्ट केला, बॉनेट लावलं आणि पैसे घेतले नाहीत. "टीगनच्या बाई तुम्ही," एवढंच म्हणाला. बाईंना ते पैसे देता आले असते तर जरा हलकं वाटलं असतं. बुंद से गई वो हौद से नहीं आती, हेच खरं.

टीगनने वर्षभर एकही गृहपाठ चुकवला नाही. गुण पहिल्यासारखेच. फक्त वाचायची पाळी आली की ती म्हणायची, "पुढे." आवाज न चढवता, उद्धटपणा न करता. आणि बाईंना पुढे जावं लागे, कारण का म्हणून विचारायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. ऑक्टोबर गेला, नाताळ गेला, तळ्यावरचा बर्फ फुटला. जूनमध्ये शेवटच्या दिवशी बाईंनी मुद्दाम तिला आवडेल असा उतारा निवडला आणि पाळी तिच्यापाशी येईल असा बाकांचा क्रम लावला. टीगनने उतारा पाहिला, क्षणभर तिचे ओठ हलले.

"पुढे," ती म्हणाली. सप्टेंबरपासून ती नववीला पलीकडच्या इमारतीत जाणार होती.

ऑगस्टअखेर बाई नव्या वर्षाचा कागद करायला बसल्या. पालकाच्या सहीची रेघ काढून टाकली. पालकांनी वाचायचा शिरस्ता मोडला. मग चौथा नियम नीट करावा म्हणून त्यांनी गेल्या वर्षीची जुनी प्रत काढली, हुकमाच्या आधीची. वाचता वाचता त्यांना तो सावकाश, एका लयीतला आवाज ऐकू येऊ लागला. त्या बोट ठेवून पडताळत गेल्या. ड्वेनने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. सव्वीस वर्षांत शेकडो आईबापांनी त्या कागदावर न वाचता सह्या ठोकल्या होत्या. बाईंचा शब्दन् शब्द मनापासून ऐकून घेणारा पालक हा एकच निघाला.

बोट शेवटच्या ओळीवर आलं. 'घरी काही अडचण असेल, तर मला येऊन सांगा. मी ऐकेन.' हे तो सगळ्यांदेखत, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यासमोर उभा राहून बोलला होता, आणि बाईंनी त्याला सांगितलं होतं, समोर आहे तेच वाचा.