आरशापुढची फळी

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यासारख्या एखादीवर बसून गेले असतील, पण तिचा चेहरा कुणाला आठवणार नाही. सलूनमध्ये लहान मूल आले की खुर्चीच्या दोन हातांवर जी आडवी फळी टाकतात, तीच मी. आता म्हातारी झाले आहे.

आधी मी एका मोडक्या दाराचा भाग होते. सुताराने मला कापले, रंधा मारला. सलूनवाल्या काकांनी माझ्यावरून तळहात फिरवला आणि ते सुताराला म्हणाले, पोरांना कुसळ टोचायला नको, आणखी एक हात मार. अशी गुळगुळीत होऊन मी दुकानात आले.

माझ्यावर बसले की मूल आरशात मावायचे. पण कात्री दिसली की भोकाड पसरायचे. मग मागच्या खोलीत टॉवेल धुणाऱ्या काकूंनी गोष्टींची पुस्तके आणून ठेवली. वाचणारे मूल मान हलवत नाही, म्हणून काकाही खूश. मला अक्षरे कुठली दिसायला? पण वाचन कसे चालले आहे, ते मला पायांवरून कळे. गोष्टीत जीव रमला की पाय झुलत. शब्द अडला की टाचा एकमेकींना चिकटत.

बारकी नावाची एक मुलगी तिच्या आजोबांबरोबर येई. पूर्वी आजोबा दुकानात मोठ्याने वर्तमानपत्र वाचत आणि गिऱ्हाइके आपला नंबर विसरून ऐकत बसत. पुढे त्यांचे डोळे अधू झाले. तरी ते वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन बसत, सवयीने. आता आजोबांना आपण वाचून दाखवायचे, असे बारकीने मनाशी ठरवले होते.

पण ती एकेक शब्द सुटा वाचे. लहान मूल जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते ना, तसे. वाक्य संपेपर्यंत आजोबांच्या हातून सुरुवात निसटलेली असे. "आधी काय म्हणालीस गं?" ते मायेनेच विचारत, आणि बारकीच्या टाचा चिकटत.

त्यात शब्द अडला की अख्खे दुकान मदतीला धावे. शेजारच्या खुर्चीत गालांना फेस लावून बसलेला एक शब्द सांगे, बाकावरचा दुसरा, आणि काका काम करता करता तिसरा. सगळे भल्यासाठीच. पण एके दिवशी तिने पुस्तक मिटले आणि मांडीखाली सरकवले.

"तुम्हालाच येतं ना सगळं? मग तुम्हीच वाचा."

तिचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. हे मी लाकडाने सांगावे, म्हणजे बघा.

काकू ओले हात पुसत बाहेर आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत.

"तिचा शब्द तिला सापडू द्या की. गाडी सुटतेय का कुणाची?" मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि अहो, केस नसले तरी तुमची कात्री हवेत कचकच करते. त्या आवाजाने पोर घाईला येतं."

काकांनी कात्रीकडे असे पाहिले, जणू ती दुसऱ्याचीच होती.

मग काकूंनी बारकीला सांगितले, केस कापायचे नसले तरी रोज यायचे. टॉवेल वाळत घातले की एक पान, हा त्यांचा नेमच झाला. आधी काकू वाक्य वाचत, बारकी ऐके. मग दोघी मिळून वाचत. मग बारकी एकटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान.

"हे तर कालच वाचलं," बारकी कुरकुरली.

"काल शब्द वाचलेस. आज गोष्ट वाच."

एका दुपारी आजोबा केस कापायला दुसऱ्या खुर्चीत बसले होते. बारकी माझ्यावर चढली आणि धुक्यात वाट चुकलेल्या करडाची गोष्ट वाचू लागली. पाय झुलू लागले. मध्येच एक शब्द अडला. टाचा चिकटल्या. बाकावरच्या एकाने तोंड उघडले आणि तसेच मिटले. काकांची कात्री आजोबांच्या कानापाशी हवेत थांबली, पण वाजली नाही. मीसुद्धा मनातल्या मनात देवाचे नाव घेतले.

शब्द आला. बारकी आपणहून वाक्याच्या आरंभी गेली आणि सगळे वाक्य एका दमात वाचले. मग पुढचे. मग त्याच्या पुढचे. पाय पुन्हा झुलले. पान संपले तशी ती श्वास घ्यायला थांबली.

"पुढे?" आजोबा म्हणाले.

नुसते एवढेच. बारकीने पान उलटले.

पुढे बारकीचे पाय खुर्चीच्या पायटेकूपर्यंत पोचले आणि तिला माझी गरज उरली नाही. त्याचे मला दुःख नाही. मग दुकानात पायाने दाबले की वर चढणाऱ्या खुर्च्या आल्या आणि मी मागच्या खोलीत पाण्याच्या पिंपावरचे झाकण झाले. ओलीने माझा एक कोपरा फुगला आहे. कधी कुणी माझ्यावर साबण विसरते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी लहान मोठ्याने वाचत असेल, तर त्याच्याजवळ बसा. शब्द त्याच्या तोंडचा काढून घेऊ नका. आणि एखादी जुनी फळी दिसली, तर तिला जरा कोरड्या जागी ठेवा.

परवा या खोलीच्या पडद्यापलीकडे, दुकानात, एक नवे पोर वाचता वाचता अडखळले. कात्री गप्प झाली. बाकावर कुणी हूं की चूं केले नाही. मी पिंपावर कान देऊन होते. थोड्या वेळाने शब्द आला, त्यामागून अख्खे वाक्य आले, आणि आजोबांचा थकलेला, ओळखीचा आवाज म्हणाला,

"पुढे?"