प्लास्टरची पाठ

माझं डोकं लवकर तापतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात सकाळी सकाळी कोणी येऊन म्हणालं, "दादा, ब्रेस जरा पातळ करा ना, कपड्यांतून दिसायला नको," की संपलंच! अहो ताई, ब्रेस आहे तो, बनियन नव्हे.

वाढत्या वयात ज्या पोरांचा कणा एका बाजूला वळत जातो, त्यांच्यासाठी मी ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारं प्लास्टिकचं कवच, बनवतो. डॉक्टर या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता वाकत नाही, पिळतोही. मग एक खांदा वर जातो, त्याच्यामागचं हाड बाहेर येतं, कंबर एका बाजूनं खोल होते. पोर ओणवं झालं की एकीकडच्या बरगड्या उचललेल्या दिसतात. हे दप्तरानं होत नाही, पोक काढून बसल्यानं होत नाही आणि कोणाच्या पापानं तर मुळीच नाही. उंची वाढते आहे तोवर नेमानं ब्रेस घातला, तर बाक बहुतेकदा तिथेच थांबतो. नाही घातला, तर पुढे ऑपरेशनची पाळी येऊ शकते.

चिऊ सहावीतली. आदल्या दिवशी माझ्या बायकोनं तिच्या अंगाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला होता. त्यात ओतलेला पुतळा फळीवर वाळत होता. ब्रेससाठी कानस लावून त्याचा बाक कमी करायचा बाकी होता, म्हणजे पाठ अजून जशीच्या तशी चिऊची होती. आणि आज ही मायलेकींची जोडी पुन्हा दारात.

"पातळ काय नि जाड काय," चिऊ म्हणाली, "मी घालणारच नाहीये."

"का गं बाई?"

"कशाला घालू? आई म्हणते, काही दिसतच नाही. कधीही विचारा, सरळच आहेस म्हणते. मला माझी पाठ कुठे दिसते?"

"म्हणजे तसं फारसं नाहीच हो दिसत..." आई पुटपुटली.

घ्या! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. "मग आलात कशाला इथे?" मी ओरडलो. आतून बायको ओरडली, "आवाज!" आमच्या घरात माझ्यापेक्षा तापट माणूस एकच आहे.

चिऊ फळीपुढे जाऊन उभी राहिली. तिथे पाठमोरे पांढरे पुतळे ओळीनं मांडलेले, ना डोकं, ना हात. नावं बुडाशी लिहिलेली. ती बराच वेळ बघत राहिली.

"आई, यातली मी कोणती?"

मी सांगायला पुढे झालो, तोवर आईचा हात कोपऱ्यातल्या पुतळ्यावर पडलासुद्धा. मला स्वतःला बुडाशी बघावं लागतं. बाईनं क्षणभरही विचार केला नाही.

"कशावरून?" चिऊनं विचारलं.

"हे हाड... असं वर येतं. आणि इथे कमरेला खळगा..." बोलता बोलता आई थांबली. आपण काय बोलून बसलो, ते तिला कळलं.

"म्हणजे तुला दिसतं."

"रोज दिसतं गं. वेणी घालताना दिसतं, वाकून बूट घालतेस तेव्हा दिसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटायचं, तुला माझ्याकडे बघवत नाही," चिऊ म्हणाली, "म्हणून तू बघतच नाहीस."

आईच्या डोळ्यांना धार लागली. माझाही राग कुठल्या कुठे पळाला; मी उगाच हातातली कानस पुसत बसलो. चिऊनं मानेपासून कमरेपर्यंत त्या पुतळ्यावरून सावकाश तळवा फिरवला.

"आणि ब्रेस नाही घातला तर?"

मी तोंड उघडलं, पण आईच बोलली. "अजून वाकेल. खूप वाकेल."

चिऊनं हाताला लागलेली पांढरी भुकटी फ्रॉकला पुसली. "काका, कधी तयार होईल?"

"पुढच्या आठवड्यात."

"घालीन मी. पण आई, तू बघायचंस आणि जसं असेल तसं सांगायचंस. वाढलं तर वाढलं म्हणायचं."

"सांगेन."

"आत्ता सांग." आणि पोरगी आईकडे पाठ करून उभी राहिली.

बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. ती दार लोटत होती, तेव्हा आतून आईचा आवाज आला. कापत होता, पण स्पष्ट होता. "उजवा खांदा वर आहे..."