गवत आलंय का?

"गवत आलंय का?"

"नाही."

दुकानदाराने मान वर करायचीही तसदी घेतली नाही. दारावरची घंटी अजून किणकिणत होती आणि कवळीवाला उंबऱ्यातच उभा होता.

"या खेपेला नक्की येईल म्हणाला होतात."

"मी नाही, गाडीवाला म्हणाला होता. मी फक्त त्याचं सांगितलं."

"मग गाडी नाही आली?"

"आली ना. गवत नाही आलं. मांजरांची वाळू आलीय ढीगभर. देऊ का?"

कवळीवाला वळला आणि बाहेर पडला. गवत का येत नाही ते त्याला पाठ होतं. कापणीच्या ऐन वेळी पाऊस लागून राहिला आणि कापलेलं गवत शेतातच कुजलं. थोडंफार वाळलं ते घोडेवाल्यांनी नि गाईवाल्यांनी शेतातूनच उचललं. सशांच्या आणि गिनीपिगांच्या वाट्याला दुकानातली रिकामी फळी आली.

माणूस धंद्याने कवळ्या बनवणारा. दोन रस्ते सोडून एका इमारतीच्या मागच्या खोलीत त्याची कार्यशाळा होती. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा दिवसभर प्लॅस्टर, मेण आणि गुलाबी हिरड्यांत हात घालून बसायचा. लोकांना चावायचं असतं म्हणून त्याचं पोट भरत होतं. आणि घरी तीन जिवांना चावायला काही नव्हतं.

गिनीपिग खरं तर त्याचे नव्हतेच. लेकीने हौसेने आणले होते, तिघी माद्या: भुरी, शेठाणी आणि किंचाळी. पुढे लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाने प्राण्यांना साफ नकार दिला, आणि "थोडेच दिवस हं बाबा" म्हणत ती पिंजरा दिवाणखान्यात ठेवून गेली. त्याआधी दोन वर्षं बायको गेली होती. म्हणजे वारली नव्हती. दुसरा संसार थाटायला गेली होती. तिचं नवं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. तिच्या आईचे गुडघे त्या जिन्याला तयार नव्हते. म्हणून बायको गेली आणि सासूबाई राहिल्या. लोक हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं तो म्हणायचा, आणि दातांचा हिशेब त्याच्याइतका कोणाला कळणार!

त्याने कुलूप उघडलं तशा आतून तिघी एकदम शिट्ट्या मारायला लागल्या. पिशवीच्या आवाजालाही त्या अशाच शिट्ट्या मारत, आणि फ्रिजच्या दारालाही. जगातला प्रत्येक आवाज म्हणजे गवत, अशी त्यांची पक्की समजूत.

"मिळालं?" सासूबाईंनी कोचावरून विचारलं.

"नाही."

"मग त्यांना पाव घाला थोडा. ओला करून."

"आई, पाव चालत नाही त्यांना. कितीदा सांगितलं. त्यांचे दात जन्मभर वाढतात. दिवसभर गवत चघळलं तरच ते झिजतात. पोटसुद्धा त्यावरच चालतं."

"माझे नाही वाढत ते एक बरंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसवलेले खालचे अजून टोचतातच."

ती तक्रार त्याने कानाआड केली. पिंजऱ्याच्या तळाशी उरलेला गवताचा चुरा गोळा करून त्याने तिघींत वाटला. शेठाणीने आपला वाटा संपवून भुरीच्या वाट्यावर बस्तान मांडलं.

गवत मिळवायला त्याने काय काय नाही केलं! फोनवरून एका ठिकाणी मागवलं, तर खोकं भरून पेंढा आला. पिवळाधमक, चकचकीत, अंथरायला झकास. तिघी त्यात ऐसपैस बसल्या आणि शिट्ट्या मारत राहिल्या. मग तो कामाची कात्री घेऊन बागेत गेला. चांगलं मूठभर कापून झाल्यावर माळी धावत आला.

"अहो, काय करताय? परवाच फवारणी केलीय तिथे!"

ती मूठ कचऱ्यात गेली. मग त्याने कालव्याकाठचा उतार शोधला. तिथे फवारणी नव्हती, पण कुत्री होती, आणि कुत्री जिथे पाय वर करत नाहीत असं गवत उताराच्या पार वरच्या टोकाला होतं. तिथपर्यंत चढून त्याने पोतंभर कापलं. ताजं गवत एकदम पोटभर घातलं तर पोट फुगतं, म्हणून थोडं ताजं दिलं आणि बाकीचं गॅलरीत चादरीवर पसरलं. येता-जाता तो ते उलटंपालटं करत होता. खोलीभर गोड वास सुटला. जमलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुंड्यांना पाणी घातलं. सगळं पाणी चादरीवर. त्याने पुन्हा पसरलं, पंखा लावला, पण ढिगाच्या पोटात करडी बुरशी धरली ती धरलीच. बुरशीचं गवत घालणं म्हणजे विष घालणं. तेही कचऱ्यात गेलं.

शेवटी तो गावाबाहेरच्या तबेल्यात गेला, अक्षरशः दाती तृण धरून. तबेल्याची मालकीण घोड्याच्या खुरातली माती काढत होती.

"एक पोतं फक्त," तो म्हणाला. "मागाल ते देतो."

"देणं-घेणं सोडा हो. माझीच गंजी अर्धी राहिलीय. तुमचं जनावर केवढं?"

त्याने दोन तळहात जोडून दाखवलं. तिने घोड्याकडे पाहिलं, मग त्याच्या ओंजळीकडे, आणि मान हलवून दुसरं खूर उचललं.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचा चेहरा पडद्यावर, मागे तिची नीटनेटकी खोली.

"बाबा, शेठाणी बारीक दिसतेय."

"गवत नाहीये कुठे."

"तबेल्यात विचार ना."

"विचारलं."

"मग बागेत."

"फवारलंय."

"मग स्वतः वाळव. सोपं असतं रे. मी व्हिडिओ पाठवते."

"वाळवलं. कुजलं."

"तू ना बाबा, मनापासून प्रयत्नच करत नाहीस. त्या तुला नकोच आहेत."

त्याचा तोल गेला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुझं! ये इथे आणि काप गवत! जाणारे जातात खुशाल आणि आपापला पसारा माझ्या गळ्यात बांधून जातात. तुझ्या आईने तेच केलं, तूही तेच केलंस. मी काय सगळ्यांचं सामान सांभाळायला बसलोय?"

लेकीने फोन ठेवला. किंचाळीसुद्धा गप्प होती. मग त्याच्या लक्षात आलं, कोचावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि आपल्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठाणीने खाणं सोडलं. हनुवटी लाळेने ओली, काकडीची फोड तोंडाशी नेली तर नुसती हुंगायची आणि मान फिरवायची. दातांचा माणूस तो. त्याने आपला छोटा आरसा तिच्या तोंडात घालायचा प्रयत्न केला आणि अंगठ्याला कडकडून चावून घेतलं. पुढचे दात ठणठणीत आहेत, एवढं त्यावरून कळलं. मग टोपलीत घालून तो तिला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"दाढांना टोकं आलीत, जीभ कापतेय तिची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गवत कमी पडतंय का?"

"कमी?" तो म्हणाला. "कमी म्हणजे थोडं तरी असतं."

त्यांनी भूल देऊन दाढा घासल्या. बिनसुईच्या पिचकारीने पातळ लापशी भरवायला सांगितलं आणि वर बजावलं, "गवताला पर्याय नाही हं." हे ऐकायला त्याने टोपली घेऊन एवढी पायपीट केली होती!

घरी लापशी सासूबाईंनीच भरवली. शेठाणीला मांडीवर टॉवेलात गुंडाळून, ओठाच्या कडेने थेंब थेंब. त्याच्याशी मात्र त्या कामापुरतंच बोलत होत्या. "टॉवेल द्या." "दिवा लावा." कवळी टोचत असल्याची तक्रारही बंद. ते बंद होणंच त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं.

रविवारी सकाळी तो उठला तेव्हा कोच रिकामा. काठी नव्हती, स्वयंपाकघरातली कात्री नव्हती, घडीचं स्टूलही नव्हतं. शर्टाची बटणं लावतच तो कालव्याकडे धावला.

सासूबाई उताराच्या पायथ्याशी स्टुलावर बसून गवत कापत होत्या. शेजारी उशीचा अभ्रा अर्धा भरला होता.

"आई! पडला असतात म्हणजे?"

"नाही पडले."

"आणि हे कुत्र्यांच्या बाजूचं आहे. शिवाय निम्मा पाला रानटी, हा चालत नाही त्यांना."

"मग निवडा," त्या म्हणाल्या. "गळ्यात बांधलेल्या माणसाने निदान चार काड्या तरी आणाव्यात म्हटलं."

तो ओल्या जमिनीवर बसला. अभ्रा मांडीवर ओतून एकेक पान बाजूला काढू लागला. सासूबाईंची कात्री चालूच होती.

"मी तिच्यावर चिडलो होतो," शेवटी तो म्हणाला.

"कुठल्या तिच्यावर?"

"दोघींवर."

"मग त्यात माझं गाठोडं कशाला बांधलंत?"

"तुम्ही समोर होतात म्हणून."

सासूबाईंनी कात्री थांबवली आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "हे मात्र खरं. मी सारखी समोरच असते." मग कालव्याकडे बघत म्हणाल्या, "तिने मला चारदा बोलावलंय. जिन्याचं निमित्त मीच सांगते. मला तुमच्याकडे बरं वाटतं. पण तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

त्याने हातातलं रानटी पान फेकून दिलं. "राहा हो," तो म्हणाला. "फक्त कुत्र्यांच्या बाजूचं कापू नका."

खालचं कापलेलं गवत त्यांनी तिथेच सोडलं, आणि वरचं गवत कापायला तो चढून गेला.

गवताची गाडी पुढच्या आठवड्यात आली. दुकानदाराचा निरोप आला: लवकर या, माणशी एकच पिशवी. तो आणि सासूबाई पोचले तेव्हा रांग फुटपाथवर आली होती. ससेवाले, गिनीपिगवाले, आणि कासववाला एक म्हातारा, ज्याला गवत कशाला हवं होतं देव जाणे.

"माणशी एक," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही पुढे उभे राहा. मी मागे थांबते. आपली ओळख नाही."

"आई, बरं दिसत नाही ते."

"शिट्ट्या ऐकायला बऱ्या वाटतात का?"

तो पुढे गेला. त्याला पिशवी मिळाली, आणि पिशवी छातीशी धरून तो खिडकीतल्या पक्ष्यांच्या दाण्यांचा अभ्यास करत उभा राहिला. सासूबाई गल्ल्याशी पोचल्या. चेहरा अगदी परक्या बाईचा. "एक पिशवी द्या हो, ससा आहे घरी." दुकानदाराने पिशवी पुढे केली. ती घ्यायला त्यांनी काठीवरचा हात सोडला, गुडघा लचकला आणि त्या ओरडल्या, "अहो जावईबापू, धरा!"

त्याने धरलं. अख्ख्या दुकानाने वळून पाहिलं. दुकानदाराने शांतपणे पिशवी परत ओढून घेतली.

"घरटी एकच," तो म्हणाला.

"मघाशी माणशी म्हणालात!" कवळीवाला चिडला.

"मघाशी मला माणसं कळली नव्हती."

मागच्या रांगेतून कोणीतरी "अहो, सरका की" म्हणालं. दोघं एकच पिशवी घेऊन बाहेर पडली. सासूबाई रस्ताभर दुकानदाराला शिव्या देत होत्या, आणि कासववाल्यालाही.

घरी पिशवी फोडली. हिरवट, लांब काडीचं, कोरडं गवत. तिघी त्यात मानेपर्यंत शिरल्या. शेठाणी तिरकी बसून एकेक काडी आत ओढत होती, जबडा एका लयीत हलत होता. कवळीवाला कितीतरी वेळ ते चावणं बघत राहिला.

फोन वाजला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच लेकीचा संदेश होता. आजीने तिला फोटो पाठवला होता.

"बघ, मिळालं ना! उगाच एवढा त्रागा केलास बाबा."

त्याने लांबलचक उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग फोन उपडा ठेवला आणि पिशवी हातात तोलून पाहिली. फार दिवस पुरणार नव्हती.

"कात्री कुठंय?" त्याने विचारलं.

"धार गेलीय तिची," सासूबाई म्हणाल्या. "आधी धार लावून आणा."