गिऱ्हाईकाची पापणी

सलूनवाल्या काकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक असं होतं, ज्याने जन्मात कधी पैसे दिले नव्हते. तो होता त्यांचा कुत्रा, अंगाने काळा आणि आता तोंडाशी पांढरा झालेला. दिवसभर खुर्चीच्या पायाशी पडून असायचा, म्हणून त्याचं नावच गिऱ्हाईक पडलं. काकू गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत काकांशी बोलणारं, म्हणजे निदान ऐकून घेणारं, तेवढंच एक उरलं होतं.

गिऱ्हाईकाच्या वरच्या पापणीच्या कडेला तांदळाएवढी गाठ आली. चामखीळ असेल म्हणून काकांनी सोडून दिलं. मग डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं, तेव्हा त्याला उचलून त्यांनी दवाखाना गाठला.

"पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीची गाठ आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या कुत्र्यांना होते. जिवाला सहसा धोका नसतो, पण ती बुबुळावर घासून जखम झालीये. काढून टाकू. नंतर मात्र थेंब नीट पडले नाहीत, तर डोळा जाऊ शकतो. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने थेंब घालायचे. काकू आहेत ना घरी? कोणी नसेल, तर टाके निघेपर्यंत इथेच ठेवू त्याला."

"आहे की," काका म्हणाले. इतकं बेमालूम खोटं त्यांना आजवर कधी जमलं नव्हतं. पण त्या खोलीत एकट्याने दिवा मालवायचा, हे त्यांना नको होतं.

ऑपरेशन झालं. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा घालून गिऱ्हाईक घरी आलं आणि काकांची फजिती सुरू झाली. आयुष्यभर लोकांची डोकी दोन बोटांनी वळवली, पण हे एक आवरेना. डोकं धरावं तर बाटली निसटायची, बाटली धरावी तर कुत्रा कॉटखाली. थेंब नाकावर, कानात, काकांच्या बाहीवर. शेवटी काका जमिनीवरच बसले. काकूंचा त्यांना त्या घटकेला रागच आला. असं मध्येच सोडून जातं का कोणी?

सुचेनासं झालं की खिशातली कात्री काढून हवेतच चालवायची, ही काकांची जुनी खोड. काकू त्यावरून चिडवायच्या. कच, कच, कच. कॉटखालून कर्णा बाहेर आला. हाच आवाज ऐकत ते जनावर आयुष्यभर झोपलं होतं. ते येऊन काकांच्या मांडीला टेकलं आणि पेंगायला लागलं. काकांनी डाव्या हाताने कात्री चालू ठेवली, उजव्या करंगळीने खालची पापणी ओढली आणि थेंब सोडला. बरोबर डोळ्यात पडला.

टाके काढायच्या दिवशी गिऱ्हाईकाने टेबलावर थयथयाट केला.

"जखम मस्त भरलीये," बाई म्हणाल्या. "काकूंना आणायचं ना सोबत. त्यांच्यापाशी शांत बसत असेल."

काकांनी कात्री काढली आणि हवेत चालवली. गिऱ्हाईक जागच्या जागी निवलं. बाईंनी टाके काढले, आणि मग त्यांची नजर काकांच्या कॉलरवर रुळणाऱ्या केसांवर गेली.

"काका, तुमचे केस कोण कापतं?"

"ती कापायची," काका म्हणाले. "घरी कोणी नाही, बाई. पण याला इथे ठेवून घेऊ नका."

टाके तर निघाले होते, ठेवून घ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं. तरी काकांची कात्री थांबेना.