फरक शून्य टक्के

आधी

तिसऱ्या मजल्याचा जिना मावशीचा. कागदोपत्री तो कार्यालयाचा होता, पण कागद काय, काहीही म्हणतात. एकोणीस वर्षं ती तो रोज सकाळी पुसत होती आणि संध्याकाळी निघताना पुन्हा एकदा, जिवाला चैन पडेना म्हणून. जुने साहेब कठड्यावरून बोट फिरवत, बोटाकडे बघत आणि वर जात. ते कोरडं, स्वच्छ बोट हेच मावशीचं प्रशस्तिपत्रक.

साहेब निवृत्त झाले. बोटाच्या जागी ॲप आलं.

नंतर

ॲप सोपं आहे, असं नवा सुपरवायझर तीनदा म्हणाला. वयाने तो मावशीच्या धाकट्याएवढा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती काय ते समजून चुकली. कामाआधी एक फोटो, काम झाल्यावर एक. दोन्ही ॲपच्याच कॅमेऱ्याने काढायचे, मोबाइलमधले जुने चालणार नाहीत. मग पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी उमटतात आणि खाली फरक येतो, टक्क्यांत. सलग तीन आठवडे आकडा लाल आला की काम बंद.

पहिल्याच दिवशी ॲपने कॅमेरा वापरायची परवानगी मागितली. एकोणीस वर्षांत या इमारतीत मावशीला विचारून कोणी काही केलं नव्हतं. तिला अगदी भरून आलं. तिने लगेच दिली.

आधी: स्वच्छ जिना.
नंतर: स्वच्छ जिना, ओला.
फरक: शून्य टक्के. काम झालेलं नाही.

सुपरवायझरने दोन्ही फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिले. काम दिसत नाही, म्हणाला. मावशी म्हणाली, जिना दिसतोय की. तो म्हणाला, जिना दिसतोय, पण जिना दिसून उपयोग काय? आणि ॲपशी वाद घालणं त्याच्या अधिकारात बसत नव्हतं.

दोन आठवडे लाल गेले. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार, हे मावशी कोणाला विचारायला गेली नाही. उत्तर तिला ठाऊक होतं.

आधी (फोटो पुन्हा काढा)

दुसऱ्या मजल्यावर सफाईला एक बाई होती. तिला सगळे निवांत म्हणत. तिच्या मजल्यावरून लोक नाक धरून जायचे. तिचा आकडा चौऱ्याण्णव, हिरवागार. खालच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर महिन्याची सर्वोत्तम जोडी म्हणून तिच्याच चौकटी झळकत होत्या. तिला मावशीची दया आली.

"तुझं कुठे चुकतंय सांगू? तू साफ करतेस."

"मग काय करू?"

"कर ना. पण आधी करायला काहीतरी ठेव."

सोमवारी मावशी झाकणाचा डबा घेऊन आली. फाटकाजवळच्या कुंडीतली माती. पहिल्या पायरीवर उभी राहिली, पण मूठ उघडेना. परक्याच्या घरात चोरीला शिरल्यासारखं वाटत होतं, आणि घर तर स्वतःचंच. शेवटी तिने डोळे मिटून माती टाकली. मग डोळे उघडले आणि एकेक पायरी घेत सगळीकडे सारखी पसरली, कोपरे न चुकवता. घाणसुद्धा तिने मन लावून केली.

फोटो. झाडू, फडकं, पाणी. फोटो. फरक: अठ्ठ्याऐंशी टक्के.

सुपडीतली माती तिने पुन्हा डब्यात भरली. चांगली माती टाकायची कशाला? तीच माती मंगळवारी आली, बुधवारी आली, गुरुवारी तर पायऱ्या ओळखू लागली.

फरक

शुक्रवारी माती पसरून झाली आणि मावशी मोबाइल काढते तोच सुपरवायझर जिना चढत वर आला. एकोणीस वर्षं ‘आत्ताच पुसलंय’ म्हणणारी जीभ, ती थांबते थोडीच.

"साहेब, जरा कडेने या. आत्ताच घाण केलीय."

तो थांबला. डब्याकडे बघितलं, पायऱ्यांकडे, मग तिच्याकडे. संपलं, मावशीला वाटलं, तेही स्वतःच्या तोंडाने.

त्याने मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला. त्याच्याही मोबाइलमध्ये एक ॲप होतं म्हणे. त्यात चारही मजल्यांचा फरक एकत्र दिसायचा आणि तो आकडा वरचे बघायचे. त्याचाही गेल्या दोन आठवड्यांपासून लाल होता.

"त्या कोपऱ्यात थोडी अजून टाका, मावशी," तो म्हणाला. "उजेड तिकडे चांगला आहे."

सत्त्याण्णव टक्के. काम वाचलं. पुढच्या महिन्यात खालच्या पडद्यावर मावशीचा जिना लागला, भिंतीएवढा. येणारेजाणारे थांबून बघत आणि डावीकडच्या चौकटीपाशी चुकचुकत.

एके दुपारी जुने साहेब कसल्याशा सहीसाठी आले. मावशी कठडा पुसून वर उभी होती. जिन्याच्या पोकळीतून तिने त्यांना खाली दारातून येताना पाहिलं आणि पदर सारखा केला. ते पडद्यासमोर थांबले. ‘आधी’ची चौकट त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. ‘नंतर’कडे त्यांचं लक्ष गेलं की नाही, कोण जाणे.

मग ते वळले आणि लिफ्टने वर गेले.